हवामान धोरणात गावची एसटी कुठे आहे? विदर्भातील ६२ आमदारांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातून विधानसभेवर निवडून गेलेले ६२ सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, नागपूर

सप्रेम नमस्कार.

१९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक तरी अधिवेशन नागपुरात व्हावे असे ठरले, ते विदर्भाचे प्रश्न विदर्भात बसून ऐकले जावेत म्हणून. त्याच हक्काने हे पत्र लिहिते आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले आसपासच्या खेड्यांतून येतात. ती कशी येतात आणि कधी येऊ शकत नाहीत, हे रोज डोळ्यांसमोर असते. हवामान बदलावर सरकार जे बोलते आणि जो पैसा खर्च करते, त्यात या मुलांच्या येण्याजाण्याचा विचार कुठेच नाही, हे मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ग्रामीण विदर्भात हवामानासाठी करण्याजोगे सर्वांत मोठे, सर्वांत स्वस्त आणि लोकांना सर्वांत हवे असलेले काम म्हणजे प्रत्येक गावात सकाळ-संध्याकाळ वेळेवर येणारी सार्वजनिक गाडी. ती नसल्यामुळे माणसे कर्ज काढून आधी दुचाकी आणि मग चारचाकी घेतात. एकदा दारात गाडी उभी राहिली की त्या घराला बसकडे परत आणणे फार अवघड जाते. आज विदर्भातल्या बहुतेक घरांसमोर चारचाकी नाही. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतात शंभरात दोन-तीन घरांकडेच मोटार होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शहरे धरून देशात हे प्रमाण शंभरात सात-आठ घरांपर्यंत गेले. ज्या देशांत सगळे आयुष्यच मोटारीभोवती बांधले गेले, तिथे आता ती सवय सोडवायला अफाट पैसा आणि दोन-दोन पिढ्या लागत आहेत. आपल्याला ती सवय लागण्याआधीच दुसरी वाट देता येईल. ही संधी पंधरा-वीस वर्षांनी उरणार नाही.

अनुशेष हा शब्द आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. १९८४ साली दांडेकर समितीने विदर्भाचा अनुशेष मोजला तेव्हा त्यात रस्ते होतेच. रस्त्यांचे मागासलेपण लांबीत मोजले गेले. पुढे २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली आणि बऱ्याच गावांपर्यंत डांबर पोहोचले. त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना मी मनापासून देते. पण त्या डांबरावरून दिवसातून किती सार्वजनिक गाड्या जातात, शेवटची गाडी किती वाजता परत येते, हे कुणी अनुशेषात धरले नाही. रस्ता झाला म्हणजे दळणवळण झाले असे आपण गृहीत धरले. रस्त्याचा उपयोग मग ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे त्यालाच जास्त झाला.

हजेरी घेताना एकाच वेळी चार-पाच मुली गैरहजर दिसल्या की मी त्यांची गावे आठवते. बहुतेकदा ती एकाच रस्त्यावरची निघतात. त्या दिवशी त्या रस्त्याची गाडी आलेली नसते. मुलगे कुणाच्या तरी दुचाकीवर तिबलसीट येऊन पोहोचतात. मुली फाट्यावर थांबतात, काळीपिवळी आली तर तीत जागा बघतात, आणि ती आधीच भरलेली असली की घरी परत जातात. असे वरचेवर घडले की घरात चर्चा सुरू होते. ‘येस्टीचा काही भरोसा नाही’ हे वाक्य तुम्हीही प्रचाराच्या दिवसांत गावोगाव ऐकले असेल. मग सोयाबीनच्या पैशातून सुरुवातीची रक्कम भरून हप्त्यावर दुचाकी येते. ती भावाच्या नावावर असते आणि त्याच्याच वेळेवर चालते. बहीण त्याच्या सवडीवर. कापूस वेचणीचे दिवस आले, भाऊ वावरात अडकला, की तिचे कॉलेज सुटते. वाहन घरात आले तरी तिचा प्रवास होता तसाच राहतो, कधी पूर्वीपेक्षाही अवघड होतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. त्या घरातून बसचे दोन-तीन प्रवासी कमी झाले. गावात अशा पंधरा-वीस दुचाक्या आल्या की गाडीचे भारमान घसरते. भारमान म्हणजे गाडीतल्या एकूण जागांपैकी किती भरल्या याचे प्रमाण, आणि कुठली फेरी ठेवायची, कुठली बंद करायची हे बरेचसे त्यावर ठरते. भारमान कमी दिसले की फेरी बंद होते. मग उरलेल्या घरांनाही वाहनाशिवाय गत्यंतर राहत नाही. कागदावर मात्र दिसते की लोकांनीच बस सोडली. लोकांनी सोडली हे खरे आहे, पण गाडीचा भरवसा त्याच्या आधी गेला होता. ज्या गाडीच्या येण्याची खात्री नाही, तिच्यावर माणूस नोकरी, परीक्षा किंवा दवाखान्याची तारीख कशी सोपवेल?

भारमानाचा हिशेब आणखी एका बाबतीत चुकतो. खेड्यातल्या माणसाचा दिवस ठरलेला असतो. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळेत गाडी खच्चून भरते. दुपारी एकची गाडी अर्धी रिकामी जाते. दोन्हींची सरासरी काढून सगळ्या मार्गाला तोट्याचा ठरवणे हा अन्याय आहे. तोटा असलाच तर तो दुपारचा आहे. दुपारी लहान गाडी चालवता येईल, दुपारची फेरी दोन मार्गांत वाटता येईल. सकाळची फेरी काढून घेणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

हवामानाचा हिशेब मांडते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो. एसटीची साधी गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते. गाव ते तालुका वीस किलोमीटर धरा, गाडीत चाळीस माणसे धरा. लागलेले डिझेल सव्वाचार लिटरच्या आसपास, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीनशे ग्रॅमहून कमी धूर. हीच चाळीस माणसे दोघा-दोघांनी मोटारीतून गेली तर वीस मोटारींना पंचवीस लिटर पेट्रोल लागेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास दीड किलो येईल. एकट्याने दुचाकीवर गेले तरी बसच्या तिप्पट. दुचाकीवर दोघे बसले तर फरक बराच कमी होतो, हेही सांगितले पाहिजे. म्हणून दुचाकीवाल्या शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याचा धूर थोडाच आहे. पण तो आज दुचाकीवर असताना पुढची पायरी कोणती, हे सरकारच्या आजच्या निर्णयांवर ठरणार आहे.

आणि धूर बाजूला ठेवला तरी अपघात उरतात. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आपल्या प्रत्येक गावात असे एखादे तरी घर आहे. त्या घरांची नावे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, कारण सांत्वनाला तुम्ही जाता.

हवामान धोरण खेड्यात पोहोचलेच नाही असे मी म्हणत नाही. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून प्रामुख्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांहून अधिक गावांत ठिबक, शेततळी, शेडनेट आले. २०२० च्या गांधी जयंतीला माझी वसुंधरा अभियान सुरू झाले, ग्रामपंचायती झाडे लावतात, आमची मुले शपथ घेतात. ही कामे चांगली आहेत. पण वाहतुकीचा विषय निघाला की धोरण एकदम शहरात आणि महामार्गावर जाते. राज्याचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण घ्या. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३० असा त्याचा काळ, आणि १,९९३ कोटींची तरतूद. त्यात वाहन घेणाऱ्याला अनुदान आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेवर चालणाऱ्या मोटारींना आणि बसना टोलमाफी आहे. एसटीच्या विजेवरच्या गाड्यांसाठीही त्यात जागा ठेवली आहे, ते योग्यच झाले. पण ग्रामीण विदर्भात आज धावते ती गाडी डिझेलची आहे, आणि तिला या माफीत काही नाही. चाळीस-पन्नास माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीने टोल भरायचा आणि एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या विजेच्या मोटारीने भरायचा नाही, हे हवामानाच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही.

विजेची मोटार हा उपाय असेल तर तिची वीज कुठून येते हेही आपण विदर्भातल्या लोकांनी विचारले पाहिजे. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे. तिरोड्याचे ३,३०० मेगावॅटचे. कोराडी, खापरखेडा, मौदा, नांदगावपेठ वेगळेच. राज्याच्या कोळशाच्या विजेचा मोठा भाग या आपल्या जिल्ह्यांत तयार होतो. राख आपल्या नाल्यांत येते आणि उन्हाळ्यात ४६-४७ अंशांचा पारा आपल्या डोक्यावर असतो. विजेची मोटार पेट्रोलपेक्षा किलोमीटरमागे कमी प्रदूषण करते, हे मला मान्य आहे. पण एका माणसासाठी दीड टनाचे वाहन हलवायला लागणारी वीज आणि चाळीस माणसांच्या बसला लागणारी वीज यांची तुलना होऊ शकत नाही. चंद्रपूरचा कोळसा जाळायचाच असेल, तर तो आधी बससाठी जळू दे.

पैसा नाही, हे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. एसटी महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सांगितले गेले. पण शेजारचे आकडे बघा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५५ हजार कोटींच्या घरात गेला. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला तो पूर्ण झाला. त्यासाठी ज्यांनी वावर दिले, त्या गावांतली दुचाकी, ट्रॅक्टर, ऑटो त्यावर चढू शकत नाहीत. त्यांच्या शिवारातून १२० च्या वेगाने मोटारी जातात. आता वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे, त्याचा अंदाज ८६ हजार कोटींचा. २०२४ मध्ये एसटीने २,१०४ साध्या गाड्यांची मागणी नोंदवली ती ९८१ कोटींची, म्हणजे एक गाडी सत्तेचाळीस लाखांच्या आत. समृद्धीच्या खर्चाच्या शंभराव्या भागात अकराशेहून जास्त नव्या गाड्या आल्या असत्या. चालक, वाहक, डिझेल, दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च वेगळा, तो मी लपवत नाही. पण महामार्गालाही दरवर्षीचा खर्च असतो आणि त्याबद्दल कुणी भारमान विचारत नाही.

तोट्याबद्दल आणखी एक. एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. म्हणजे गावातून तालुक्याला जाणारी म्हातारी राज्याच्या तिजोरीत कर भरते, आणि त्याच तिजोरीतून मोटार घेणाऱ्याला अनुदान जाते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याआधी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. या योजनांनी खेड्यातल्या बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने स्वतःच्या निर्णयाने घराबाहेर पडल्या, माहेरी गेल्या, दवाखान्यात गेल्या. हे मी जवळून पाहिले आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करते. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. जिथे गाडीच येत नाही तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? ती काळीपिवळीला पूर्ण पैसे मोजते.

रेल्वेबद्दल लिहिल्याशिवाय विदर्भाच्या वाहतुकीचे बोलणे पुरे होत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली अरुंद रुळांची गाडी, शकुंतला. इंग्रजांनी ती वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी बांधली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती धावू लागली, आणि १९५१ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही तिचे रूळ खासगी ब्रिटिश कंपनीच्याच मालकीचे राहिले. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. कापूस गेला, कंपनीचा करार उरला, आणि तरीही कारंजा, दर्यापूर, अंजनगावच्या गरीब माणसाला ती परवडत होती. आता ती बंद आहे. रुंद रुळांची आश्वासने प्रत्येक निवडणुकीत येतात. पुलगाव-आर्वीची गाडी त्याआधीच गेली. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबवली, तेव्हापासून उमरेड-भिवापूरच्या किती मुलांचे शिक्षण रेल्वेविना संपले! वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २८४ किलोमीटरचा, त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. जुनी गाडी बंद करताना नवी येईपर्यंत त्या मार्गावर पुरेशा बस देणे बंधनकारक असते, तर लोक इतके उघड्यावर पडले नसते. बंद करण्याची तारीख पक्की असते, सुरू होण्याची कधीच नसते, आणि मधल्या वर्षांत माणसे वाहने विकत घेतात.

एक साधी गोष्ट, जिच्याबद्दल विधानसभेत बोलणे कुणाला किरकोळ वाटेल, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. ती म्हणजे फाट्यावरची सावली. आपल्याकडे मुख्य रस्ता आणि गाव यांच्यात दोन-चार किलोमीटरचे अंतर असते. लोक फाट्यावर उतरतात आणि चढतात. पूर्वी तिथे कडुनिंब, वड, चिंच असायची. रस्त्यांच्या रुंदीकरणात ती झाडे गेली. त्यांच्या जागी लावलेली रोपे दुभाजकात आहेत, त्यांची सावली कुणाच्या डोक्यावर पडत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कडेवर तान्हे मूल घेतलेली बाई उघड्या फाट्यावर पाऊण तास उभी असते. अशा उन्हात उभे राहणे जिवावर बेतते. ज्याला परवडेल तो मग स्वतःच्या वाहनाने जाईल, ज्याला परवडणार नाही तो दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकेल. उष्णतेच्या लाटांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत आराखडे होतात. त्यात प्रत्येक फाट्यावर छत, माठ आणि गाड्यांच्या वेळा लिहिलेला फलक एवढे आले तरी पुष्कळ जीव वाचतील. टिनाचे छत नको, ते तापते. कौलारू किंवा गवताचे चालेल, आणि त्याच्या पश्चिमेला कडुनिंब लावा.

विजेवरच्या बसचे म्हणाल तर मला वाटते की त्या आधी खेड्यांच्या मार्गांवर चालवायला हव्यात. एसटीने ५,१५० विद्युत गाड्या भाड्याने घेण्याचा करार केला. त्या वेळेवर मिळाल्या नाहीत हा वेगळा विषय. पण विजेच्या गाड्यांचे बोलणे निघाले की पुणे, नाशिक, मुंबई अशी मोठ्या शहरांचीच नावे येतात. गावच्या फेरीचा स्वभाव मात्र बॅटरीला अगदी जुळणारा आहे. अंतर कमी, जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर. सकाळची फेरी करून गाडी तालुक्याच्या आगारात येते आणि दुपारी काही तास उभी राहते. विदर्भात त्याच तासांना ऊन सर्वांत कडक असते. आगाराच्या छतावर सौर पॅनेल टाकले तर दुपारी उभी असलेली गाडी उन्हावर चार्ज होईल आणि संध्याकाळची फेरी करेल. शेतीपंपांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आपण उभी करतोच आहोत. त्याच योजनेतल्या वीज उपकेंद्रांच्या आधाराने आगारांना वीज देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मुक्कामी गाडीचा प्रश्न मात्र उरतो. ती रात्री गावात राहते, तिथे चार्जिंगची सोय हवी, आणि चालक-वाहकाला झोपायला नीट खोली हवी. मुक्कामी गाडी ही गावाची सर्वांत मोलाची गाडी आहे, कारण पहाटे पहिली तीच निघते. तिच्या चालक-वाहकांना ग्रामपंचायतीने सन्मानाने ठेवले पाहिजे. हे काम गावकऱ्यांचे आहे, सरकारचे नव्हे, आणि त्यात आपण कमी पडतो.

बस काय करू शकते हे पाहायचे असेल तर गडचिरोलीकडे बघा. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अहेरी-गर्देवाडा बस सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. त्याच वर्षी काटेझरीत गाडी पोहोचली तेव्हा लोकांनी तिचे वाजतगाजत स्वागत केले. इतक्या वर्षांनी सरकार आपल्या दारात आले, ही भावना त्या स्वागतात होती. गडचिरोलीच्या जंगलात जे शक्य झाले, ते झरी जामणी, जिवती, धारणी, चिखलदरा, सालेकसा इथे का होऊ नये? तमिळनाडूने १९९७ मध्येच मोठी बस जाऊ शकत नाही अशा वाड्यावस्त्यांसाठी मिनीबस योजना काढली होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात. त्या गाड्या आल्यावर किती मुली बारावीपर्यंत टिकल्या, हे आमच्यासारख्या शिक्षकांना विचारा. म्हणजे हे कसे करायचे ते आपल्याला माहीत आहे. ते मुलींपुरते आणि मागास तालुक्यांपुरते थांबले आहे, एवढेच.

खेड्यातल्या माणसाने मोटारीचे स्वप्न पाहू नये का, असे कुणी विचारेल. जरूर पाहावे. ज्यांच्या घरी तीस वर्षांपासून मोटार आहे त्यांनी त्याला अडवण्याचा अधिकार नाही. सोयरीक जुळवताना मुलाकडे गाडी आहे का हे विचारले जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याला शेतमाल न्यायला, आजारी आईला रात्री दवाखान्यात न्यायला वाहन हवे आणि ज्याला केवळ सकाळी नऊला तालुक्याला पोहोचायला ते घ्यावे लागते, या दोघांत फरक आहे. दुसऱ्याला सावकाराच्या किंवा फायनान्सच्या हप्त्यात ढकलण्याचे काही कारण नाही. ज्या जिल्ह्यांत कर्जापायी इतकी माणसे गेली, तिथे प्रवासासाठी घेतलेले कर्ज कमी करणे हे शेतकऱ्याच्या हिताचेच काम आहे.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. भारतात ऊर्जेतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात रस्ते वाहतुकीचा वाटा सुमारे १२ टक्के आहे आणि तो वाढतो आहे. तो शब्द दिल्ली-मुंबईत पाळला जाणार नाही, तालुक्यातालुक्यांत पाळावा लागेल. म्हणून या अधिवेशनात तुमच्याकडे माझी मागणी ठोस आहे. पक्ष कुठलाही असो, बासष्टही सदस्यांनी मिळून प्रत्येक महसुली गावाला सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी मिळण्याची हमी सरकारकडून मागावी. भारमानाच्या कारणावरून गावची शेवटची फेरी बंद करायची असेल तर आधी ग्रामसभेचे मत घेणे बंधनकारक करावे. तिकिटावरचा प्रवासी कर निदान साध्या गाड्यांसाठी पूर्ण माफ करावा, आणि विजेच्या मोटारींना जी टोलमाफी आहे ती एसटीच्या प्रत्येक गाडीला द्यावी. यासाठी लागणारा पैसा तोटा भरून काढण्याची मदत म्हणून देऊ नये. तो हवामानावरचा खर्च म्हणून अर्थसंकल्पात दाखवावा, म्हणजे दरवर्षी त्याचा हिशेब मागता येईल.

आणि प्रत्येकाने स्वतःच्या मतदारसंघासाठी एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, द्यावा. त्याचा मजकूर मी इथेच लिहून देते: ‘माझ्या मतदारसंघातील किती गावांत आज सकाळी नऊपूर्वी तालुक्याला पोहोचवणारी सार्वजनिक बस आहे, किती गावांत नाही, गेल्या पाच वर्षांत कोणत्या गावांच्या कोणत्या फेऱ्या बंद झाल्या, आणि त्या कधी सुरू होणार?’ उत्तरासोबत गावांची यादी मागून घ्या. ती यादी आमच्याकडे पाठवा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचली जाईल याची व्यवस्था आम्ही शिक्षक आणि पालक मिळून करू, आणि ज्या गावांची नावे यादीतून सुटली असतील ती भरून तुमच्याकडे परत पाठवू.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका आणि मतदार,
वर्धा जिल्हा